केस हार्डनिंगचे भाग मऊ करणं, वाकवणं आणि परत पाणी देणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या बाजूला आमचं बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आहे. पीक राखणीच्या ठासणीच्या बंदुका, जुन्या काडतुसाच्या दुनळ्या, आणि बंदुकीचं काम नसेल तेव्हा लेथवरची, भट्टीवरची बारीकसारीक कामं. गेली कित्येक वर्षं लोक तेच तेच प्रश्न विचारतात. काही फोनवर, काही काउंटरवर मोडका तुकडा ठेवून. आयटीआयची मुलंही विचारतात आणि त्यांचे प्रश्न बरेचदा सगळ्यांत चांगले असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

१. केस हार्डनिंग म्हणजे पाणी देणंच ना? वेगळं काय त्यात?

पाणी देणं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कडक करणं, ही शेवटाकडची पायरी. त्याआधी पाणी धरेल असं काहीतरी लोखंडात असावं लागतं, आणि ते म्हणजे कार्बन. साध्या एम.एस.मध्ये (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंड) कार्बन ०.१५ ते ०.२५ टक्के असतो. असा तुकडा लाल करून पाण्यात टाका, कामाला येईल इतका कडक होत नाही. कमानपाट्यात (गाडीच्या कमानीच्या पोलादी पट्टीत) कार्बन पुरेसा असतो, म्हणून कोयता पाणी धरतो.

केस हार्डनिंगमध्ये मऊ लोखंडाचा भाग कोळशात पुरून तासन् तास तापवतात. कार्बन पृष्ठभागातून आत शिरतो आणि बाहेरच्या पातळ थरात त्याचं प्रमाण ०.८ ते ०.९ टक्क्यांपर्यंत जातं. मग पाणी दिलं की तेवढाच थर काचेसारखा कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. नारळाची करवंटी आणि आतलं खोबरं डोळ्यासमोर आणा. फरक एवढाच की इथे करवंटी बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. पुढचे सगळे प्रश्न या अर्ध्या मिलिमीटरभोवती फिरतात.

२. बंदुकीतले कोणते भाग असे असतात?

जिथे घासणं आणि मार खाणं दोन्ही आहे ते. घोडा, चाप, घोड्याला अडकवून धरणारा सिअर, घोड्याच्या आत फिरणारा टंबलर, पिना, स्क्रूची डोकी, जुन्या बंदुकीची कळपट्टी (घोडा-कमानीची कळ जिच्यावर बसते ती पट्टी). जुन्या दुनळ्यांची बॉडीही बरेचदा अशीच केलेली असते. तिच्यावरचे निळे-तपकिरी ढग त्याच प्रक्रियेतून येतात (प्रश्न १८ पाहा). कमान (स्प्रिंग) मात्र यात येत नाही. तिचं प्रकरण वेगळं, प्रश्न १५ मध्ये आहे.

३. भट्टी घरी आहे, लोहारकाम येतं. बंदुकीचा भाग मीच दुरुस्त केला तर?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना आणि दुरुस्तीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची स्वतःची बंदूक असली तरी हे लागू आहे.

मग हे सगळं लिहायचं कशाला? एक म्हणजे तुमचा भाग कुणाच्या हाती जातोय आणि तो माणूस काय करणार आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे. भट्टीत घालून ठोकून सरळ केलेला आणि तसाच परत बसवलेला घोडा मी दर वर्षी दोन-तीनदा तरी बघतो. दुसरं म्हणजे हीच विद्या शिलाई मशीनच्या, पॉवर टिलरच्या, भातझोडणी यंत्राच्या पिना-बुशांना जशीच्या तशी लागू पडते. तिथे हात बसवायला कुणाची ना नाही.

४. एखादा भाग केस हार्डन आहे की पूर्ण पोलाद, हे न तोडता कसं ओळखायचं?

कानस घ्या, नवीन आणि बारीक दात्यांची. कामाचा पृष्ठभाग सोडून एखाद्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कानस धरत नाही, सुळकन घसरते आणि आवाज काचेवर फिरवल्यासारखा येतो, तर वरचा थर कडक आहे. पण यावरून आत काय आहे ते समजत नाही.

आतलं कळायला ग्राइंडरची ठिणगी. टाकाऊ भाग असेल तरच करा. पहिल्या स्पर्शाला ठिणग्या आखूड, फुलबाजीसारख्या दाट फुटणाऱ्या येतात. तिथेच थोडं आत गेलं की त्याच लांब, पिवळट, फारशा न फुटणाऱ्या होतात. म्हणजे वर कार्बन, आत मऊ लोखंड. पूर्ण पोलादाच्या भागाला आत गेलं तरी ठिणगी बदलत नाही. एकदा बघितलंत की विसरणार नाही.

५. घोड्याचं तोंड केपावर (बार पेटवणाऱ्या टोपीवर) नीट बसत नाही, किंचित वाकडं मारतं. पान्यात धरून थंडच वाकवला तर?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि मी स्वतः चुकलो तेही इथेच.

एकोणीस वर्षांचा असताना गावातल्या एका काकांच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा माझ्याकडे आला होता. दोनेक मिलिमीटर बाजूला मारत होता. व्हाइसमध्ये तांब्याचे तुकडे लावून धरला, नळकांड्याने दाब दिला. वाकला. छान वाकला. मध्येच एकदा ‘टिक’ असा आवाज आला, नखाने नख वाजवावं इतका हलका. मी लक्ष दिलं नाही. आमच्या आजोंनी मागच्या खोलीतून ऐकला. बाहेर आले, घोडा हातात घेतला, रॉकेलच्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि वर खडूची पूड भुरभुरली. पाच मिनिटांनी मानेच्या आतल्या वळणावर पांढऱ्यात केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडू शोषून घेतो, म्हणून तो दिसतो. आजो काही बोलले नाहीत, घोडा माझ्या हातात परत दिला. तो मी अजून जपून ठेवलाय.

कारण सरळ आहे. गाभा वाकतो, थर वाकत नाही. वाकवताना बाहेरच्या बाजूचा थर ताणला जातो आणि फाटतो. मी दाब सोडून परत उलटं ओढलं होतं, म्हणून आतल्या वळणावरही फाटला. आज तडा केसाएवढा असतो. प्रत्येक बाराला घोडा निपलवर (केप बसवायच्या बोंडीवर) आदळतो आणि तडा थोडा पुढे सरकतो. मान तुटते ती नेमकी नळीत बार असताना.

तेव्हा, थंड वाकवायचा नाही. अगदी थोडाच का असेना. रॉकेल-खडूची परीक्षा मात्र शिकून ठेवा, कुठल्याही यंत्राच्या भागाला चालते.

६. मग लाल करून वाकवला आणि लगेच पाण्यात बुडवला, तर झालं काम?

वाकतो छान. आणि पाण्यात टाकल्यावर कानस लावलीत तर कधी घसरते, कधी धरते, एकाच भागावर दोन्ही. याचं कारण उघडी भट्टी. भात्याच्या हवेत लाल तापलेल्या पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो, खपल्या पडतात. तुम्ही दोनदा तापवलंत, चार घाव घातलेत, तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या थरातला बाहेरचा, सगळ्यांत कामाचा भाग संपलेला असतो. शिवाय लाल असताना उरलेला कार्बन आतल्या मऊ लोखंडाकडे पसरत जातो आणि थर पातळ पडतो. जिथे ज्वाला लागली नाही तिथे कडक, जिथे लागली तिथे मऊ, असा भाग तयार होतो. हा पूर्ण मऊ भागापेक्षा वाईट, कारण वरवर बघून कळत नाही.

योग्य क्रम असा : मऊ करा, आकार द्या, घासून पूर्ण करा, कार्बन परत द्या, पाणी द्या, पाणी थोडं उतरवा (म्हणजे हलकं परत तापवून ताण कमी करा). एकही पायरी गाळून चालत नाही. पुढचे सहा प्रश्न त्याच क्रमाने आहेत.

७. मऊ करायला किती तापवायचं आणि कशात ठेवायचं?

८५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन सावकाश थंड करायचं. सावकाश म्हणजे रात्रभर. पुस्तकात चुन्याची पूड किंवा राख सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू फुकट आहे, ती म्हणजे भाताच्या तुसाची राख. हलकी, हवेने भरलेली, उष्णता धरून ठेवणारी. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांतही वितळलेल्या पोलादावर झाकण म्हणून ती पसरतात, ती याच गुणासाठी.

पत्र्याचा डबा राखेने भरा. राख आदल्या दिवशी भट्टीजवळ ठेवून कडकडीत कोरडी करा. पावसाळ्यात हे विसरलात तर राख दमट राहते आणि भाग मऊ होण्याऐवजी अर्धवट कडक होतो. लहान भाग लवकर निवतो, म्हणून त्याच्यासोबत एक जाड लोखंडी तुकडाही लाल करून शेजारी पुरायचा. सकाळी कानस लोण्यासारखी चालली पाहिजे.

८. कार्बन परत कसा देतात? डब्यात काय काय भरायचं?

एम.एस.चा पाईप, एका टोकाला तळ वेल्ड केलेला, दुसऱ्या टोकाला झाकण. जी.आय. पाईप अजिबात घेऊ नका. त्यावरच्या जस्ताचा धूर ताप आणतो, छाती धरतो.

आत लाकडी कोळशाचा चुरा, डाळीच्या दाण्याएवढा. आम्ही करवंटीचा कोळसा वापरतो. कठीण असतो, पूड होत नाही, राख कमी. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास धुण्याचा सोडा मिसळायचा. कारखान्यात बेरियम कार्बोनेट घालतात, पण ते विषारी आहे, छोट्या दुकानात नकोच. सोड्याचं काम असं : लोखंडात कार्बन थेट कोळशातून जात नाही, कोळशापासून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूतून जातो, आणि सोडा तो वायू जोरात तयार करायला मदत करतो.

भाग एकमेकांना आणि डब्याला टेकता कामा नयेत. चहूबाजूंनी बोटभर कोळसा हवा. झाकणाच्या फटी कुंभारी मातीने लिंपायच्या. झाकणाला छोटं भोक पाडून दोन तारा आत सोडायच्या, त्यांचा उपयोग पुढच्या प्रश्नात येतो.

हा वायू वास नसलेला आणि जीवघेणा आहे. काम उघड्या पडवीत करा, बंद खोलीत कधीच नाही. पाऊस पडतोय म्हणून दार लोटून घेण्याचा मोह होतो. लोटू नका.

जिथे कडकपणा नको, म्हणजे घोड्याच्या चौकोनी भोकात किंवा आट्यांवर, तिथे आधी चिकणमातीचा लेप द्यायचा. आट्या कडक झाल्या की पहिल्याच पिळाला तुटतात.

९. किती तास ठेवायचं?

९२५ अंशांना ढोबळमानाने एका तासात अर्धा मिलिमीटर थर मिळतो आणि चार तासांत त्याच्या दुप्पट. चौपट वेळ, दुप्पट खोली. कोळशाच्या डब्यात याहून थोडं कमीच धरा.

तास मोजायचे ते डब्याच्या मधोमध लाली पोचल्यापासून, भट्टी पेटवल्यापासून नाही. म्हणून तारा. एक ओढून बघा. टोकापर्यंत सारखी लाल असेल तर घड्याळ लावा.

आणि जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या सिअरला दोन्ही बाजूंनी पाऊण मिलिमीटर थर दिलात, तर मध्ये चिवट राहिलं किती? अर्धा मिलिमीटर. तो भाग काचेच्या कांडीसारखा तुटेल. बारीक भागाला ०.२ ते ०.३ मिलिमीटर पुरे.

१०. पायरोमीटर (भट्टीची उष्णता मोजायचं यंत्र) नाही. रंगावरून उष्णता ओळखली तर चालत नाही का? जुने लोहार तेच करायचे.

करायचे, आणि त्यातले चांगले लोहार अंधारात करायचे. आमच्या आजोंचं एक वाक्य होतं, “उन्हात बघू नको रे, रंग फसवता.” भट्टी पडवीच्या आतल्या कोपऱ्यात, समोर गोणपाट टांगलेलं, आणि पाणी द्यायचं काम दिवेलागणीच्या वेळी. भर दुपारी अंगणात जो तुकडा जेमतेम लाल दिसतो, तोच अंधाऱ्या कोपऱ्यात नारिंगी असतो. उन्हात काम करणारा माणूस नकळत शंभर-दीडशे अंश जास्त तापवतो.

ही फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची खोड समजू नका. अमेरिकेच्या लष्कराची १९०३ मॉडेलची स्प्रिंगफील्ड रायफल घ्या. तिचे रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट धरणारा भाग) कमी कार्बनच्या पोलादाचे, वरून केस हार्डन केलेले असत. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटले. चौकशीत निघालं ते हे, की घडाईच्या वेळी कारागीर उष्णता नुसत्या डोळ्यांनी ठरवत होते, आणि ढगाळ दिवशी व लख्ख उन्हात तोच रंग त्यांना वेगळा दिसत होता. काही तुकडे इतके जास्त तापले होते की पोलाद ‘जळलं’ होतं. १९१८ मध्ये कारखान्यात पायरोमीटर आले आणि पाणी देण्याची पद्धत बदलली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडच्या कारखान्याचे २,८५,५०७ च्या आतले क्रमांक असलेल्या रायफली आजही जाणकार चालवत नाहीत.

जळलेलं पोलाद म्हणजे कणाकणांमधल्या सीमांवर ऑक्सिजन शिरलेलं पोलाद. ते परत तापवून, परत पाणी देऊन दुरुस्त होत नाही. अति तापवून कण फक्त मोठे झाले असतील तर सुधारता येतात. जळलं की भंगार.

पायरोमीटर नसेलच तर चुंबक ठेवा. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं. ही खूण ऊन-सावलीवर अवलंबून नाही. त्यानंतर रंग जेमतेम एक पायरी उजळला की पाणी द्यायची वेळ. पण डब्यातल्या ९०० अंशांसाठी चुंबकाचा उपयोग नाही. तिथे थर्मोकपल (उष्णता मोजणारी तारेची जोडी) घ्याच, आता परवडतो.

११. पाणी द्यायला पाणीच घ्यायचं की तेल? आणि समुद्राचं पाणी चालतं का?

साध्या एम.एस.च्या भागाला पाणी लागतं. तेल फार सावकाश थंड करतं, थर पुरता कडक होत नाही. २० एम.एन.सी.आर. ५ किंवा ई.एन. ३६ सारख्या मिश्र पोलादाला तेल. त्याला पाणी दिलंत तर तडकण्याची भीती.

समुद्राच्या पाण्याचा प्रश्न मालवण, देवगडकडून हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. लाल तुकडा पाण्यात गेला की त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं आणि तिथे तो हळू थंड होतो. मीठ ते पांघरूण फोडतं. म्हणून मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जोरात आणि सारखं थंड करतं. कारखान्यात त्यासाठी दहा टक्क्यांच्या आसपास मीठ घालतात. समुद्रात साडेतीन टक्के असतं, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय त्यात वाळू, शेवाळ. त्यापेक्षा विहिरीच्या पाण्यात मोजून मीठ घाला. भाग बाहेर काढला की लगेच गोड्या पाण्यात धुवा, पुसा, तेल लावा. आपल्या हवेत मीठ राहिलेला भाग संध्याकाळपर्यंत तांबूस होतो.

तेल म्हणून गाडीचं जळकं तेल वापरू नका, धूर फार वाईट. शेंगदाणा तेल पन्नास-साठ अंशांना कोमट करून छान चालतं. खोबरेलही चालतं, फक्त थंडीच्या सकाळी थिजलेलं असतं.

१२. पाणी दिल्यावर परत तापवायचं म्हणतात. मग कडकपणा जात नाही का?

थोडा जातो, आणि जायलाच हवा. नुकतंच पाणी दिलेला थर आतून ताणलेला असतो. ठेवलेल्या जागी तडकलेला भाग मी पाहिलाय. १५० ते २०० अंशांना तासभर ठेवलं की ताण उतरतो आणि कडकपणा रॉकवेल सी या मापावर ५८ ते ६२ च्या घरात राहतो.

कढईत वाळू घ्या, चणे भाजतात तशी. भाग घासून चकचकीत करा आणि वाळूत थर्मामीटरसोबत पुरा. भागावर सुकल्या गवताचा अगदी फिका रंग यायला लागला की बस. गडद पिवळा, तपकिरी, जांभळा होत गेला तर पाणी उतरत चाललंय. निळा झाला तर घासणाऱ्या भागासाठी तो फुकट गेला. हे काम पाणी दिल्यावर त्याच दिवशी करायचं, उद्यावर टाकायचं नाही.

१३. सगळं नीट केलं, पण पाण्यातून काढल्यावर कळपट्टी केळ्यासारखी वाकली. आता?

पातळ, लांब पट्टी आडवी टाकली की असं होतंच. एक बाजू आधी थंड होते, आकार बदलते आणि दुसरीला ओढते. पट्टी उभी, कडेकडून, एका दमात सरळ खाली न्यायची. जाड लोखंडी तुकड्याला बोल्टने बांधून बुडवली तर आणखी चांगलं.

वाकलीच असेल तर हातोडी उचलू नका, प्रश्न ५ मधलंच होईल. परत मऊ करा, सरळ करा, परत डब्यात. वेळ जातो, पण पट्टी वाचते.

१४. चाप फार जड ओढावा लागतो. सिअरच्या खाचेवर दोन हात कानस मारली तर हलका होईल ना?

होईल. आणि काही दिवसांनी बंदूक हातातून टेकवताना आपोआप सुटेल.

खाचेवरचा कडक थर ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा. कानशीने नाही तर तेलाच्या दगडाने घासलात तरी थोड्याच वेळात तो संपतो आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा लागतो. मग खाचेची धार गोल होत जाते. रानडुकरांच्या राखणीला रात्री माचावर चढताना भरलेली बंदूक सुटणं म्हणजे काय, ते कोकणात कुणाला सांगायला नको.

चाप जड असण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात. थिजलेलं तेल, गंजलेली पिन, फुगलेला दस्ता. पावसात लाकूड फुगून सिअरला दाबतं आणि उन्हाळ्यात चाप आपोआप सुधारतो. आधी ते तपासून घ्या. खाच झिजलीच असेल तर भाग नवीन बनवणं हाच माझा सल्ला. जुन्या खाचेवर मी काम घेत नाही.

१५. कमान मोडली. तिलाही असंच डब्यात घालायचं का?

नाही. कमानीला संपूर्ण जाडीत पोलाद हवं आणि पाणी बरंच उतरवलेलं हवं, निळ्या रंगापर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. केस हार्डन कमान चौथ्या-पाचव्या दाबाला तुटते.

१६. घोड्याचं तोंड झिजलंय. वेल्डिंगने भरून घेतलं तर?

करता येतं, पण कडक थरावर थेट नाही. त्या थरातला कार्बन वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार करतो आणि भर टवका उडून निघते. आधी भाग मऊ करा, वरचा थर घासून चांगलं लोखंड उघडं करा, कोमट करून मग ७०१८ सारख्या कोरड्या रॉडने भरा. रॉड कोरडा हे महत्त्वाचं. आपल्या दमट हवेत उघडं पुडकं दोन दिवसांत ओलावा ओढतं. मग आकार द्या आणि प्रश्न ८ पासून सगळं परत. वेल्डिंग झाल्यावर नुसतं पाणी देऊन भागत नाही.

१७. गंज काढायला चापाचे भाग रात्रभर आमसुलाच्या पाण्यात टाकले. चिंचही चालते म्हणतात. बरोबर आहे का?

तांब्याच्या घागरीला बरोबर आहे, पाणी दिलेल्या पोलादाला नाही. आंबट म्हणजे आम्ल. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो. भाग जितका कडक, तितका तो ठिसूळ होतो. कमानी तर दाब दिल्यावर काही तासांनी आपणहून मोडतात.

टाकून झालं असेल तर धुवा, सुकवा आणि १८० ते २०० अंशांना वाळूत चार-पाच तास ठेवा. हायड्रोजन बराच निघून जातो. कमान असेल तर धोका नको, बदला. पुढच्या वेळी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवून पितळी ब्रशने घासा. उशीर लागतो, पण नुकसान नाही.

१८. दुनळीच्या बॉडीवरचे रंगीत ढग पुसट झालेत. परत आणता येतील का?

हाडांचा आणि लाकडाचा कोळसा एकत्र भरून, हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात डबा उलटा करून हे रंग आणतात. कडक थराशी त्यांचा थेट संबंध नाही, ती वरची अतिशय पातळ ऑक्साइडची साय आहे. घामाने, उन्हाने, क्षाराने जाते.

परत आणायचे तर अख्खी बॉडी ७५० अंशांच्या पुढे नेऊन पाणी द्यावं लागतं. ती वाकू शकते, नळ्या बसत नाहीत, आणि दाब झेलणारा भाग नव्याने तापवल्याचा धोका वेगळाच. नुसत्या रंगासाठी हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. जे रंग उरलेत त्यांवर पातळ लॅकर मारा.

१९. नळी, ब्रीच (नळीचा मागचा, बार भरला जातो तो भाग), बोल्ट यांना भट्टी दाखवायची झाली तर कोणती काळजी घ्यायची?

दाखवायची नाही. काळजी तीच. जो भाग दारूचा दाब झेलतो तो आमच्या भट्टीत जात नाही, परवाना असला तरीही. प्रश्न १० मधले रिसीव्हर सरकारी कारखान्यात, अनुभवी माणसांच्या हातून बिघडले होते.

२०. कोयत्याला किंवा होडीच्या पिनेला केस हार्डनिंग करून मिळेल का?

कोयत्याला करू नका. दोनदा धार लावलीत की थर दगडावर गेला. कमानपाट्याचा कोयताच बरा. होडीच्या स्टीअरिंगची, विंचची एम.एस. पिन असेल तर चांगलं टिकतं, फक्त ग्रीस सोडू नका, कारण कडक झालं म्हणून गंजायचं थांबत नाही. स्टेनलेसच्या ३०४ पिनेला कोळशाच्या डब्यात काही होत नाही, उलट तिचा न गंजण्याचा गुण जातो. जास्त नग असतील तर घाट चढून कोल्हापूरला गॅस भट्टीवर पाठवलेले परवडतात, आणि काम एकसारखं मिळतं.

२१. आजोबांची केपाची बंदूक आहे. चालवायची नाही, आठवण म्हणून ठेवायची. तरी झिजलेले भाग करून घ्यावेत का?

काही करू नका. घोड्यावरचा झिजलेला खळगा त्यांच्या अंगठ्याने पडलाय. भट्टीत गेला की तो पहिला जाईल.

आधी कागद बघा. परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा. ती जुनी आणि निकामी असेल तर पुढे काय करायचं, ते तिथेच लेखी विचारा.

परत आली की आत काही भरलेलं नाही याची आमच्यासारख्याकडून खात्री करून घ्या. ठासणीच्या बंदुकीत वीस वर्षांपूर्वीचा बारही निघतो. मग खनिज तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत ठेवू नका, ओलावा आत कोंडतो. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी सोडून बघा.